मेणवाले डॉक्टर

आमचे डॉक्टर कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नसत. ते विचारायचे, ‘‘तुमची आजी कशाने गेली?’’

दूधवाल्याला विचारायचे, एसटीच्या कंडक्टरला विचारायचे, विजेचं बिल घेऊन येणाऱ्याला विचारायचे. एकदा सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसाने त्यांना अडवलं. दहा मिनिटांनी तोच पोलीस भर रस्त्यात उभा राहून आपल्या आत्याच्या पोटातल्या गाठीची हकीकत सांगत होता आणि हे सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहून घेत होते. लग्नाच्या पंगतीत ते ज्याच्या शेजारी बसत तो माणूस अर्ध्या जेवणातून उठून जागा बदलायचा.

लिहायला ते जुन्या लग्नपत्रिका वापरायचे. मागची बाजू कोरी असते ना, तिच्यावर. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, नवरा-बायकोच्या मध्ये आडवी रेघ, खाली लेकरं. ज्याला गाठ झाली त्याचं घर काळं करायचं. पुढच्या बाजूला गणपती आणि शुभविवाह, मागच्या बाजूला कोण कशाने मेलं. अशा पत्रिकांचे गठ्ठे त्यांच्या कपाटात होते. त्यांची बायको म्हणायची, ‘‘आमच्या घरात लग्नपत्रिका आली की मला धडकीच भरते.’’

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराच्या मागच्या अंगाला तपासणीची खोली. दुसऱ्या डॉक्टरांनी माणसाच्या अंगातून काढलेली गाठ बरणीत घालून इथे यायची. हे तिचा तुकडा मेणात बसवून वडी करायचे. मग यंत्रावर त्या वडीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा, रंगवायचा आणि दुर्बिणीखाली धरायचा. तिला दुसरं नाव आहे, पण आम्ही दुर्बीणच म्हणत होतो. गाठ साधी की वाईट, ते हे सांगायचे. लोक त्यांना मेणवाले डॉक्टर म्हणत.

मी तिथे काचा आणि बरण्या धुवायला लागले तेव्हा चाळिशी उलटली होती. नवरा गेला होता आणि शिंदखेड्याकडच्या गावातून मी भावाच्या आधाराने धुळ्यात आले होते. शिक्षण चौथी. माझ्या आधी दोन बाया किळस येते म्हणून काम सोडून गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘तुम्हाला किळस येईल का?’’

मी म्हटलं, ‘‘नवऱ्याला तीन महिने अंथरुणात धुतलंय. तुमच्या बरणीची काय किळस?’’

‘‘कशाने गेले?’’

मी सांगितलं. त्यांनी पत्रिका काढली. अशी मी कामाला लागले.

माणूस उंच, वाकलेला, कानाला रंगाचे डाग. हात नेहमी औषधाच्या वासाचे, म्हणून दुपारचं जेवण केळ्यांचं. ‘‘केळं हे एकच फळ आहे जे स्वतःचा रुमाल घेऊन येतं,’’ असं म्हणायचे आणि एक डोळा दुर्बिणीला लावून एका हाताने सोलायचे. साली टेबलाखाली. त्या मी उचलायच्या. पहिल्या महिन्यात मी दोनदा घसरले, तिसऱ्यांदा त्यांना बोलले. त्या दिवसापासून ते साली खिशात घालू लागले. मग त्यांची बायको मला बोलली.

त्या वड्या डॉक्टर टाकू द्यायचे नाहीत. वीस वर्षांपूर्वीच्या गाठीची वडीसुद्धा मिठाईच्या खोक्यात, वर नाव-गाव. धुळ्याचा मे महिना म्हणजे मेणाचा काळ. घरात कूलर एकच, तो वड्यांच्या खोलीत. ओली पोती टाकायची, दर दोन तासांनी भिजवायची. बायको आणि दोन मुलं पुढच्या खोलीत टॉवेल ओले करून अंगावर घ्यायची. एकदा बाई भर दुपारी मागे आल्या, खोलीत उभ्या राहिल्या, गार हवा घेतली आणि म्हणाल्या, ‘‘अक्का, मी मेणाची असते तर बरं झालं असतं.’’ डॉक्टरांनी मान वर केली नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आजही येतो. पुढे ते गेल्यावर मुलांनी ती सगळी खोकी एका कॉलेजला दिली. तिथे ती कोणी उघडली की नाही, मला माहीत नाही.

ह्या वड्यांचं त्यांना काय वेड होतं, ते मला त्यांनी एका दुपारी समजावलं. माणसाचं अंग बारीक बारीक दाण्यांचं असतं. दाणे वाढतात, एकाचे दोन होतात, जुने मरतात. किती वाढायचं, कुठे थांबायचं, हे बघायला प्रत्येक दाण्यात राखणदार बसवलेले असतात. एका कामाला दोन. एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला.

‘‘म्हणजे एक माहेरचा, एक सासरचा,’’ मी म्हटलं.

‘‘तसंच. एक मेला तर दुसरा सांभाळतो. बाहेर पत्ता लागत नाही. पण एखाद्या दाण्यातला दुसराही मेला की तो दाणा मोकाट सुटला. मग त्याची पिल्लं, पिल्लांची पिल्लं.’’

‘‘आणि दोघं मरतात कशाने?’’

‘‘वयाने. बिडीने. नशिबाने. पण काही लेकरं जन्मतःच एक राखणदार घेऊन येतात अक्का. अंगातल्या दाण्यादाण्यात एकच. त्यांना एकाच्या मरणाची देर.’’

मग त्यांनी मला दोन काचा दाखवल्या. एकाच बाईच्या. पहिली गाठ काढली तेव्हाची एक, औषधं झाल्यावर दोन वर्षांनी गाठ परत आली तेव्हाची दुसरी. पहिलीत दाणे जरा तरी रांगेत होते. दुसरीत सगळा बाजार.

‘‘लोक म्हणतात गाठ परत आली. ती नाही आली. हे तिचं नातवंड आहे. तुम्ही कपाशी वेचलीय ना? फवारणी केली की अळ्या मरतात, पण चार वाचतात. पुढच्या वर्षी शेतात त्या चौघींचीच अवलाद. आजीला जे औषध लागू पडलं ते हिला पडणार नाही. आणि ही अशी कोडगी का निघाली, तर मधे कुठेतरी आणखी एक राखणदार मेला. कोणता आधी मेला, कोणता नंतर, त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून मला जुनी वडी लागते.’’

हे मला कळलं. कपाशीचं म्हटल्यावर कोणालाही कळेल. पण त्यांनी ते आपल्या बायकोला का नाही समजावलं, कूलर कशाला लागतो ते, हे मला कधी कळलं नाही.

आनंद झालेला मी त्यांना एकदाच पाहिला. त्यांना मुंबईहून इंग्रजी मासिकांचे जुने अंक यायचे. त्यातला एक वाचून ते गल्लीत गेले आणि शेरभर जिलेबी घेऊन आले. मला, बायकोला, शेजारच्या शिंप्याला, सगळ्यांना हातात जिलेबी. शिंप्याने विचारलं, ‘‘मुलगा पास झाला का?’’

‘‘चोर राखणदार निघाला!’’ डॉक्टर म्हणाले.

शिंपी माझ्याकडे बघायला लागला. झालं होतं असं, की अंगातल्या एका वस्तूला हे शोध लावणारे लोक दहा वर्षं चोर समजत होते. गाठीत ती सापडायची, म्हणून गाठ तीच करते असं धरलं होतं. आता कळलं की ती वस्तू मुळात राखणदार, तोही सगळ्यात मोठा. गाठीत सापडायचं ते त्याचं बिघडलेलं रूप. दाणा खराब झाला की त्याला थांबवणं, नाही ऐकलं तर मारून टाकणं, हे त्याचं काम. तोच बिघडला की मग पिल्लांना धरबंद नाही, दर पिढीला नवीन खोड. कितीतरी तऱ्हेच्या गाठींमध्ये तोच मेलेला सापडतो म्हणे.

‘‘दहा वर्षं बिचाऱ्याला चोर म्हणून बदडलं अक्का,’’ जिलेबी खाताना ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्या वस्तूसाठी. मी आजवर एवढ्या बरण्या धुतल्या, त्यांतल्या माणसांसाठी त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले नव्हते. तरी त्यांना दगडाचे म्हणता येणार नाही. त्यांनी भडगावच्या मुलीसाठी जे केलं ते दगडाचा माणूस करत नाही.

ही गोष्ट त्या जिलेबीच्या आधीची. भडगावच्या पुढे गिरणेच्या काठाला एक गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याची अडीच वर्षांची नात, सरला. तिच्या डोळ्यात मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसायची. दाखवेपर्यंत उशीर झाला आणि धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना तो डोळा काढावा लागला. काढलेला डोळा बरणीत औषधात घातला, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी लिहिली आणि बरणी मुलीच्या आजोबांच्या हातात दिली. मेणवाल्यांकडे पोचवा म्हणून सांगितलं. तेव्हा असंच असायचं, नातेवाईकच बरणी घेऊन यायचे.

चार दिवस झाले, बरणी आली नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, डोळा तर निघाला. आमचे डॉक्टर ऐकेनात.

‘‘डोळ्याच्या मागे नस असते. कापलेल्या नसेचं टोक बघितल्याशिवाय निघाला कसं म्हणता? टोकात रोग असला तर तो आत मेंदूकडे गेलाय. नसला तर मुलगी वाचली. ते टोक त्या बरणीत आहे.’’

त्यांना अहिराणी बोलता येत नव्हती, म्हणून मला बरोबर घेतलं. एसटीने निघालो. गावात पोचलो तेव्हा आजोबा ओट्यावर दोर वळत बसले होते. गावात त्यांना आबा म्हणत.

मी विचारलं, ‘‘आबा, डोयानी बरणी कोठे शे?’’

‘‘ती मातीले देई दिनी.’’

‘‘काय सांगता!’’ डॉक्टर म्हणाले.

आबा शांतपणे म्हणाले, ‘‘आंडेरना आंगना तुकडा शे तो. उकिरडावर फेकतस का?’’

आंडेर म्हणजे लेक. आबांना वाटलं होतं, डॉक्टरांनी मुलीचा डोळा घरच्यांना परत केला, त्याचं जे करायचं ते करा म्हणून. चिठ्ठी वाचायला घरात कोणी नव्हतं. लहान लेकराला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. तसं त्यांनी डोळ्याला पुरलं होतं, नदीकडच्या बांधावर, हळदकुंकू वाहून. सांगितलेलं नीट ऐकलं नव्हतं, पण वाईट काही केलं नव्हतं. मला त्यांना दोष देता आला नाही.

डॉक्टरांनी एकच विचारलं, ‘‘झाकण उघडलं होतं का?’’

मी अहिराणीत विचारलं. आबांनी नाही म्हणून मान हलवली. नातीचा डोळा बघायची हिंमत झाली नव्हती. तिचं एक झबलं बरणीला गुंडाळून तशीच ठेवली होती.

उकरायचं म्हटल्यावर घरात गोंधळ उठला. आबांची बायको बाहेर आली. जाड, गोऱ्या रंगाची, तोंडाने तिखट बाई. मातीला दिलेलं वर काढतात का, असं म्हणून तिने आकाशपाताळ एक केलं. आणि हे सगळं सुनेमुळे, ती पोटुशी असताना ग्रहणात बाहेर बसली म्हणून झालं, हेही सांगून टाकलं.

‘‘हाई बठ्ठं हिना माहेरनं शे! गिरनमा बाहेर बसनी व्हती. मी सांगेल व्हतं तिले!’’

सून दाराच्या आड उभी होती. सातवा महिना असावा. सरला तिच्या पदराला धरून, डोळ्यावर पट्टी. सुनेला हे ऐकायची सवय झाली असणार.

एवढ्यात मुलीचा बाप शेतातून आला. डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बरणी विसरले. त्याचा उजवा डोळा मिटलेला, आत खोबणी रिकामी.

‘‘हा डोळा कशाने गेला?’’

‘‘लहान असताना काटा लागला,’’ तो म्हणाला.

‘‘काटा लागलेला कोणी पाहिला?’’

तो आईकडे बघायला लागला. आईने आवाज खाली आणला. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, लहान होता, डोळा सुजून बाहेर आला, तालुक्याच्या डॉक्टरने काढला, आता कोणाला आठवतंय. डॉक्टरांनी खिशातून पत्रिका काढली, ओट्यावर बसले आणि चौकोन-गोल काढून भराभर दोन घरं काळी केली. बापाचं आणि लेकीचं.

मग त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, सांगितलं. राखणदाराची गोष्ट, जशी मला सांगितली तशी. मी अहिराणीत सांगत गेले. ह्या घरात एक राखणदार बापाकडूनच मेलेला आला आहे. ग्रहणाचा संबंध नाही, सुनेच्या माहेराचा तर नाहीच.

‘‘म्हणजे माझ्यामुळे?’’ मुलीच्या बापाने विचारलं.

‘‘तुमच्यामुळे नाही. तुमच्यातून,’’ डॉक्टर म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी कोणाला धीर दिला असेल तर तो एवढाच.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण थांबायचं कुठे ते त्यांना कधीच कळलं नाही. त्यांनी सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं. ‘‘ह्यालाही असू शकेल. नाणं उडवल्यासारखं आहे, छापा नाहीतर काटा. जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच डोळे तपासायला आणा. सुरुवातीला सापडलं तर दाण्याएवढं असतं. तेवढंच मारता येतं, डोळा राहतो. चमक दिसेपर्यंत थांबलात तर ह्याचाही डोळा बरणीत.’’

सासू उठली. ‘‘पोटमानं पोर अजून बाहेर ऊनं नही, आनि तुम्हीन त्याना डोया काढाले ऊनात! उठा आठून!’’ आमच्याकडे पहिल्या सव्वा महिन्यात बाळंतीण आणि बाळ उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. पहिल्या महिन्यात एसटीने बाळ धुळ्याला न्यायचं म्हणजे तिच्या कानाला शिवीच होती.

आबाच शेवटी कुदळ घेऊन उठले. बायकोकडे न बघता ते डॉक्टरांना म्हणाले, ‘‘चला.’’ ते दोघं बांधाकडे गेले. तेवढ्यात मी पाणी पिण्याच्या निमित्ताने सुनेजवळ गेले. तिने खालच्या आवाजात विचारलं, ‘‘मनाकडनं नही ना?’’

‘‘नही वं माय. तुनाकडनं काहीच नही.’’

माझ्याकडून नाही ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. मी विचारलं, बाळंतपणाला कुठे जाणार? तिने सांगितलं, बाळंतपण इथेच, सासूच्या हाताखाली. सव्वा महिना झाला की भाऊ न्यायला येईल, मग माहेरी. माहेर शिंदखेड्याजवळ. म्हणजे धुळ्याला गाडी बदलावी लागणार. मी तिला गल्ली सांगितली, मागचं दार सांगितलं आणि म्हटलं, भावाला सांग, नाहीतर नको सांगू. पण दोन गाड्यांच्या मधे ये.

बरणी घेऊन आम्ही परत निघालो. डॉक्टर ती मांडीवर घेऊन बसले होते, झबल्यासकट. कंडक्टर म्हणाला, ‘‘काय डॉक्टर, लोणचं मिळालं वाटतं!’’

‘‘डोळा आहे,’’ डॉक्टर म्हणाले.

पुढचे दोन बाक रिकामे झाले. धुळ्यापर्यंत आम्ही ऐसपैस आलो.

नसेचं टोक स्वच्छ निघालं. त्यांनी मला बोलावून काच दाखवली. डोळ्याच्या आत रोगाचे दाणे फुलासारखे गोल बसलेले होते आणि नसेच्या टोकाला काहीही नव्हतं, नांगरलेल्या शेतासारखं रिकामं. आबांकडे निरोप गेला, मुलगी वाचली, पण दुसरा डोळा दर काही महिन्यांनी दाखवत राहा. बाळाबद्दल तिकडून उत्तर आलं नाही.

त्यानंतर डॉक्टरांचं काय झालं ते धुळ्यातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. सून माहेरी कधी, कुठल्या गाडीने जाणार ते मी त्यांना सांगितलं होतं. तिचे दिवस आणि वर सव्वा महिना, असा हिशेब करून ते रोज दुपारी बस स्टँडवर जाऊन बसायला लागले. शिंदखेड्याची गाडी लागते त्या फलाटावर. हातात बॅटरी, खिशात केळी. मी म्हटलं, तिला मी घर सांगितलंय. ते म्हणाले, ‘‘बाई विसरेल. भाऊ घाई करेल.’’ आणि तिला ओळखणार कसं? त्यांनी तिला दाराच्या फटीतून पाहिलं होतं. म्हणून जी बाई बाळ घेऊन दिसेल तिच्यापुढे हे जाऊन उभे राहायचे, ‘‘डोळे बघू द्या.’’ तिसऱ्या दिवशी एका बाईने पायातली काढून त्यांच्या डोक्यात हाणली. ‘‘पोरे चोरस का रे मुडदा!’’ दहा माणसं जमली, चौकीत नेलं. मी सोडवायला गेले तर हे हवालदाराच्या आजीपर्यंत पोचले होते.

‘‘आता तरी घरी बसा,’’ मी म्हटलं.

‘‘उद्यापासून लांबून बघतो,’’ ते म्हणाले.

आणि सून आली त्या दिवशीही ते स्टँडवरच बसले होते. मी मागच्या अंगणात बरण्या वाळत घालत होते. दारात बाई उभी. घामाने भिजलेली, छातीशी बाळ, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेलं. मुलगा होता, नुकताच सव्वा महिना झालेला.

‘‘भाऊ तिकीट काढाले गया. गाडी एक घंटामा शे. डोया देखा म्हना लवकर.’’

भावाला न सांगता ती रिक्षाने आली होती. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, आणि चुलीशिवाय दुसरीकडे एकटी जायची तिला सवय नव्हती. मी शिंप्याला स्टँडवर पळवलं, आणि तिला घेऊन दुसऱ्या गल्लीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकले. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, अर्धा तास तरी. ती सारखी घड्याळाकडे बघत होती. तिला घड्याळ कळत नव्हतं, मला विचारायची, ‘‘गाडी गई का?’’ मी दरवेळी खोटं सांगितलं.

आमचे डॉक्टर धापा टाकत आले. कपाळावर अजून चपलेचा वळ होता. आत येऊन ते भिंतीला टेकून उभे राहिले.

मी बाळाचं डोकं दाबून धरलं. ते किंचाळत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजवा डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला, म्हणाले, ‘‘साफ.’’ मग डावा. परत वाकले, परत पाहिलं. मग आमच्या डॉक्टरांना म्हणाले, ‘‘या, बघा. कडेला आहे. तांदळाच्या कणीएवढं.’’

त्यांनी पाहिलं. एवढे दिवस ज्याची वाट बघत होते ते समोर होतं, आणि माणूस खाली बसला. खरोखर जमिनीवर बसला. मला वाटलं होतं, आपलं म्हणणं बरोबर निघालं म्हणून त्यांना बरं वाटेल.

आईने त्यांना विचारलं, मला नाही. ‘‘डोळा राहील का?’’

एरवी ते म्हणाले असते, सांगता येत नाही. गाठीचं नाव आणि वय असल्याशिवाय हो-नाही म्हणत नसत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आज आलीस. राहील.’’

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्याचा इलाज मुंबईलाच होतो. शिंदखेड्याची गाडी निघून गेली होती. भाऊ शोधत शोधत आला तेव्हा तिच्या अंगावर ओरडला. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, मुंबईची गाडी किती वाजता आहे ते बघ. डॉक्टरांच्या बायकोने तिला जेवू घातलं, स्वतःची शाल दिली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘तुम्हीही जा. तिथल्या माणसांशी कोण बोलणार?’’ वड्यांची पोती कोण भिजवेल, असं त्यांनी विचारलं नाही. ते गेले.

मुंबईत त्या कणीला थंडीने गोठवून मारलं. दोन वेळा करावं लागलं. पुढे कितीतरी महिने बाळाला नेऊन तपासावं लागलं, आणि दर वेळी बाप शेतातलं काम टाकून बरोबर गेला. डोळा राहिला. आज तो माणूस ट्रॅक्टर चालवतो, दोन्ही डोळ्यांनी.

सासूबद्दल मात्र मला वाटलं होतं, ती आता आम्हाला जन्मभर तोंड दाखवणार नाही. दोन-अडीच वर्षं तसंच गेलं. नंतर एका सकाळी मागचं दार वाजलं. उघडलं तर तीच, तशीच गोरी, तशीच जाड, थोडी वाकलेली. एकटी. हातात बाळ, इतकं लहान की अजून मुठी उघडलेल्या नव्हत्या. तिच्या थोरल्या लेकीचं. लेकीचे दोन्ही डोळे चांगले होते, पण भावाचा तसा, म्हणून ही घेऊन आली होती.

‘‘कितला दिन झायात?’’ मी विचारलं.

‘‘बारा.’’

‘‘बारा दिवसांचं बाळ घराबाहेर काढलंत? आणि सव्वा महिना?’’

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच अडाणी बाई होते. मला बाजूला सारून ती आत आली आणि म्हणाली, ‘‘डोया थांबतीन का सव्वा महिना?’’